दिसलं तेवढंच

॥ श्री ॥

कॉव्हेंट्री,
१८ सप्टेंबर २००४

ती. वहिनीस,
आशाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरी आहे’ यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तू खरं लिहितेस.

बुधवारी टीव्ही बघितलास ना? पार्लमेंटबाहेर ट्वीडच्या टोप्यांचा समुद्र, काही जण तर थेट सभागृहात घुसले, आणि तरीही आमच्या पक्षाने रेटून नेलंच. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद करायचा ठराव कॉमन्समध्ये मंजूर! सत्त्याण्णवच्या जाहीरनाम्यात ‘मोकळं मतदान घेऊ’ एवढं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर मी सात वर्षं दारोदार लीफलेटं वाटली. मला रडू आलं तर आमचे हरीशराव म्हणतात, जगात एवढं चाललंय आणि तू कोल्ह्यासाठी रडतेस? त्यांना म्हटलं, कोल्ह्यासाठी नाही, दादासाठी.

दादा हवा होता गं. सगळं गाव शिकारीच्या बाजूचं, आणि त्यात हा एकटा डॉक्टर, दर निवडणुकीला खिडकीत लाल पोस्टर लावणारा. थिसल्बी हंटवाल्यांना त्याने आपल्या कुरणातून, त्या पॅडकमधून, एकदाही घोडे नेऊ दिले नाहीत. आणि तरी तीच मंडळी ताप आला की त्याच्याकडेच यायची.

आता मुद्द्याचं. तुमच्या तिकडच्या साप्ताहिकात चार ओळी लिही. आम्ही लिहिलं की ते म्हणतात, शहरातल्यांना खेड्यातलं काय कळतंय. तू सत्तावीस वर्षं तिथे आहेस. तुझ्या शब्दाला वजन आहे. घाबरट आहेस हे मला ठाऊक आहे, पण डॉक्टर दीनानाथांची बायकोही आहेस.

हरीशरावांचा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतो आहे, आणि त्याच्यासोबत तेही. माझ्या आगाऊपणावर राग नको. लोभ असेलच, त्याची पोच तेवढी टपालाने यावी.

तुझी,
आशा

॥ श्री ॥

थिसल्बी, लेस्टरशायर,
१० ऑक्टोबर २००४

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद.

पोच देते. चार नाही, सहा ओळी लिहिल्या आणि त्या छापूनही आल्या, नावगावासकट. तू सांगितलंस म्हणून लिहिलं असं समजू नकोस. त्र्याऐंशी साली पॅडकच्या कोपऱ्यात त्यांनी बिळातून कोल्हा उकरून काढला होता, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते लिहिलं. एवढंच लिहिलं की मी हे पाहिलं, आणि हे बंद व्हावं असं मला वाटतं.

आता गावाचं सांगते. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. तसं काही इथे होत नाही. पोस्ट ऑफिसात शिरले की बोलणं थांबतं, एवढंच. माझं काम होतं, नोटा मोजून हातात पडतात, ‘थँक यू’ म्हटलं जातं, आणि मी बाहेर पडून दार लावलं की आतलं बोलणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येतं.

हेझल मात्र आली नाही. तुला ती अंधुक आठवत असेल, यांच्या शेवटच्या आजारात रोज यायची ती उंच बाई. तिचा नवरा लेन पोलार्ड इथला हंट्समन. हंटची सगळी कुत्री तोच सांभाळतो, शिकारीच्या दिवशी शिंग फुंकत तोच पुढे असतो. (त्याच्यासमोर कुत्री म्हणायची सोय नाही. हाउंड्स म्हणायचं.) राहतं घरही हंटचंच, नोकरी आहे तोवर छप्पर आहे. हेझल माझ्याकडे यायची ती आधी आंघोळ करून, धुतलेला कार्डिगन घालून. केनेल्सवर हाउंड्सना खायला मेलेली गुरं शिजवतात, त्याचा वास अंगाला राहतो, आणि मी शाकाहारी. हे मी तिला कधी बोलले नव्हते. तिचं तिनेच ओळखलं होतं.

हे असताना ती त्यांचं अंथरूण बदलायची, आणि हे तिला चिडवायचे, की तुझ्या नवऱ्याची नोकरी घालवणाऱ्या पक्षाला मी मत देतो, तरी माझी उशी एवढी कशी फुगवतेस? ती म्हणायची, तुम्ही जिंकणार नाही म्हणून.

काल ती रस्त्यात समोरून आली. मी हसले. ती पलीकडच्या फुटपाथवर गेली. पलीकडे खरं तर फुटपाथ नाहीच, गवत आहे. ओल्या गवतातून चालत गेली.

काळजी करू नकोस. जेवते, झोपते. हरीशरावांच्या गुडघ्याला तीळतेल कोमट करून लाव.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

कॉव्हेंट्री,
२१ नोव्हेंबर २००४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

झाला गं कायदा! वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्सनी शेवटपर्यंत आडमुठेपणा केला, तेव्हा त्यांना बाजूला सारून गुरुवारी पास केला. फेब्रुवारीपासून लागू. पक्षाच्या ब्रँचमध्ये शॅम्पेन नाही पण शेरी होती. आमच्यातली अर्चना, ती प्राण्यांच्या संघटनेचंही काम करते, तिने तुझं कात्रण सगळ्यांना वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, माझी वहिनी आहे ती.

टाळ्या वाजत होत्या आणि मला मात्र तुझं ते ओलं गवत दिसत होतं. वहिनी, माझ्याकडे ये. घर विक. अपूर्वही तेच म्हणतो ना? इथे देऊळ आहे, मंडळ आहे, भाजीत मेथी मिळते, दुकानात शिरलीस तर बोलणं थांबत नाही, उलट थांबवावं लागतं. वरची खोली तुझीच आहे. पडदे मात्र माझ्या आवडीचे राहतील.

लोक विसरतील. आपली बाजू न्यायाची आहे, आणि कायदासुद्धा आता आपल्याच बाजूला आहे.

उत्तर लांबवू नकोस. लोभ तुझा, हट्ट माझा, दोन्ही असेच राहोत.

तुझी,
आशा

॥ श्री ॥

थिसल्बी,
९ जानेवारी २००५

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद.

ख्रिसमसला मेडनहेडला गेले होते. अपूर्वने ट्रेनचं तिकीट पाठवलं होतं. सून आणि सान्वी फार प्रेमाने वागल्या. सान्वी म्हणते, “आजी, तुझा घर खूप मोठी आहे का?” मी तिचं व्याकरण सुधारत बसले नाही, घराचं उत्तर दिलं. हो, फार मोठं आहे.

परत आले तर दारात पोस्टाचा ढीग, आणि त्यात गावातलं एकही कार्ड नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. या गावातली निम्मी माणसं यांच्या हातून जन्माला आलेली. एका अर्थी मी त्यांना दोष देत नाही. माझ्या सहा ओळी त्यांना मोठ्या वाटल्या असतील. लेनला नोकरीवर ठेवतात की काढतात याची कुजबुज आहे. केनेल्समध्ये साठ हाउंड्स, आणि मार्चनंतर त्यांचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नाही. रात्री वाऱ्याची दिशा बदलली की त्यांचं केकाटणं ऐकू येतं. पूर्वी यांना त्याचा राग यायचा. आता मला त्याची सोबत वाटते. हे कुठे बोलू नकोस.

दर जानेवारीत हेझल आणि मी मार्मालेड करायचो. यंदा एकटीने केलं. संत्र्यांची साल बारीक चिरायचं काम तिचं असायचं, माझे तुकडे जाड झाले. शेवटी एवढं मार्मालेड खाणार कोण? आठवड्यातून एकदा बसने मेल्टनच्या सुपरमार्केटमध्ये जाते. तिथल्या बिलाच्या काउंटरवर एक मुलगी आहे, ती प्रत्येकाला ‘लव्ह’ म्हणते. तेवढ्यासाठी मी लांबच्या रांगेत उभी राहते. हसशील तर हस.

कॉव्हेंट्रीला यायचं म्हणतेस. आले तर लोक म्हणतील, पळाली. आणि त्याहून खरं सांगू? सकाळी चहा घेताना हे बसायचे त्या खुर्चीवर अजून ऊन येतं. तुझ्याकडच्या वरच्या खोलीत ते ऊन कुठून आणू?

तुझी माया पोचते. ती पाठवणं थांबवू नकोस.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

थिसल्बी,
७ मार्च २००५

चि. सौ. आशास,
अनेक आशीर्वाद.

अर्चनाचा फोन तुला आलाच असेल. तरी माझ्याकडून नीट ऐक, कारण मी पोलिसांना सांगितलं ते आणि तुला सांगते ते एकच आहे.

कायदा लागू झाला तरी हंट बंद झालेली नाही. कोल्ह्याच्या वासाचं फडकं कुणीतरी आधी रानातून ओढत नेतं आणि हाउंड्स त्या वासामागे धावतात. कायद्याला ते चालतं. पण धावता धावता खरा कोल्हा समोर आला तर हाउंड्सना कायदा कोण वाचून दाखवणार?

शनिवारी दुपारी मी किचनमध्ये कणीक मळत होते. कोल्हा मागच्या कुंपणातून आला आणि पाण्याच्या पिंपामागे शिरला. लहानसा होता. त्याच्या मागून हाउंड्स, किती ते मोजलं नाही, सगळं अंगण पांढरं-तपकिरी झालं. मी पीठभरल्या हातांनी दार उघडलं आणि ओरडले. काय ओरडले आठवत नाही, मराठीत ओरडले असणार.

तेवढ्यात लेन आला. घोडा कुंपणापलीकडे सोडून भिंतीवरून उडी मारली त्याने, साठीच्या माणसाने. आणि आशा, तो आपल्याच हाउंड्सना चाबकाने मारत सुटला. नाव घेऊन घेऊन मारत होता. पिंपाशी पोचला तेव्हा दोघींनी कोल्ह्याला धरलं होतं. त्यांच्या जबड्यात हात घालून त्याने तो सोडवला. उशीर झाला होता. कोल्हा त्याच्या हातातच गेला. लेनच्या मनगटातून रक्त येत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. शिंग फुंकून हाउंड्सना बाहेर काढलं आणि मेलेला कोल्हा उचलून रस्त्याने चालत गेला.

त्या वळणावर अर्चनाच्या संघटनेची दोन माणसं कॅमेरा घेऊन उभी होती. माझ्या उंच कुंपणामुळे त्यांना आतलं काही दिसलं नव्हतं. दिसला तो लाल कोट आणि हातात मेलेला कोल्हा. त्यांनी पोलिसांना बोलावलं. आतलं पाहणारी मी एकटी.

सार्जंट सभ्य होता. त्याने विचारलं, की त्या माणसाने हाउंड्सना चेतवलं की आवरलं? मी सांगितलं, आवरलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला वाटतं खटला होणार नाही.

अंगण धुतलं. कणीक टाकून दिली.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

कॉव्हेंट्री,
१२ मार्च २००५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते.

अर्चनाचा फोन तुझ्या पत्राआधी आला होता. ती आनंदाने ओरडत होती, की तुझी वहिनी साक्षीदार आहे, या भागातली पहिलीच केस होईल. मी तिला तुझ्या वतीने शब्द देऊन बसले. मग तिचा दुसरा फोन आला. ती फार थंड बोलली. म्हणाली, तीस वर्षं कोल्हे मारणारा माणूस कायद्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याच कुत्र्यांना चाबकाने मारतो, आणि ते फक्त त्याची शेजारीण बघते.

वहिनी, एकदाच विचारते, पुन्हा कधी विचारणार नाही. हेझल परत यावी म्हणून तर तू असं सांगितलं नाहीस ना? सांगितलं असलंस तरी मी समजून घेईन. हा हिवाळा तू कसा काढलास ते मला ठाऊक आहे. फक्त मला खरं सांग.

आशा

॥ श्री ॥

थिसल्बी,
१६ मार्च २००५

चि. सौ. आशास,
आशीर्वाद.

खरं मागच्या पत्रात लिहिलं आहे. दुसरं माझ्याकडे नाही.

हेझल आलेली नाही. बाकी गाव आलं. दाराशी अंड्यांचा ट्रे ठेवलेला मिळतो. पोस्ट ऑफिसात बोलणं थांबत नाही, मला ‘मिसेस डॉक्टर’ म्हणून हाक येते, कुणी खांद्यावर थोपटतं, आणि एकाने तर डोळा मारला. तो डोळा का मारला ते मला दोन दिवसांनी उमगलं. त्यांनाही तेच वाटतं जे तुला वाटतं. त्यांचा लेन हाउंड्सना आवरेल हे त्यांना खपत नाही. त्यांच्या मते त्याने कायद्याला न जुमानता कोल्हा मारू दिला, आणि मी भल्या शेजारणीसारखी खोटं बोलून त्याला वाचवलं.

तू माझ्यावर रागावून खोटं समजतेस, ते प्रेमाने खोटं समजतात. खरं समजणारा एकच, लेन. तो गप्प आहे.

प्रकृतीस जप.

वहिनी

॥ श्री ॥

कॉव्हेंट्री,
२४ एप्रिल २००५

ती. वहिनीस,
आशाचा मनापासून नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. आज आहे असंही नाही.

निवडणूक दीड आठवड्यावर आली. मी रोज लीफलेटं घेऊन फिरते. पक्षाचा इथला ऑर्गनायझर अजय, तिशीतला, हुशार, तोंडाचा गोड. गेल्या रविवारी शहराच्या कडेच्या, मोठमोठ्या बागांच्या वस्तीत गेलो होतो. पहिल्याच दारावर मी अभिमानाने शिकारबंदीचं काढलं. बाहेर आल्यावर अजय म्हणाला, “आंटी, फॉक्सचं नका काढू. त्यात आपली मतं जातात, मिळत काहीच नाहीत. झालं ते झालं.” मी म्हटलं, अरे, विरोधी पक्ष उघड सांगतोय की निवडून आलो तर हा कायदा मागे घ्यायला मतदान घेऊ, मग आपण आपल्या कायद्याचं नाव घ्यायचं नाही? तो हसला. म्हणाला, लोक इराकचं विचारतात, हॉस्पिटलचं विचारतात, कोल्ह्याचं कोण विचारतंय?

आणि खरंच, वहिनी, कुणी विचारलं नाही. आमचं लीफलेट चार पानी आहे. घरी येऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं. त्यात तो शब्दच नाही. ज्या गोष्टीसाठी तुझ्याशी अख्खं गाव बोलेनासं झालं, ती माझ्या पक्षाला आता अडचणीची झाली आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या, शेरी प्यायलो आणि पुढे गेलो. किंमत पोस्ट ऑफिसच्या खिडकीत तू एकटीने भरलीस.

रात्रभर मग एकच विचार. माणसांसाठी खोटं बोलायचं असतं, तर तू ऑक्टोबरातच बोलली असतीस. त्या सहा ओळी माझ्या नणंदेने लिहायला लावल्या असं हेझलला सांगायचं, की झालं असतं. अर्धं खरंही होतं ते. तू ते केलं नाहीस. ओल्या गवतातून तिला जाऊ दिलंस. अख्खा हिवाळा जी बाई खोटं बोलली नाही, ती एका दुपारी का बोलेल? हे मला कळायला अजय लागला, दादाला क्षणही लागला नसता.

मी अर्चनाला सांगितलं, की माझी वहिनी म्हणाली तसंच झालं आहे. ती म्हणाली, तू कुठे होतीस बघायला? मी म्हटलं, मी वहिनीला चाळीस वर्षं बघतेय.

मत पक्षालाच देईन, दुसरीकडे कुठे जाणार? पण उरलेली लीफलेटं हरीशरावांना वाटायला दिली. गुडघ्याचं नाव काढलं नाही त्यांनी, माझा चेहरा बघून.

क्षमा मागते. लोभ माझ्या लायकीचा राहिला नसेल तर तुझ्या स्वभावावर जाऊन करावा.

तुझीच,
आशा

॥ श्री ॥

थिसल्बी,
२६ जून २००५

चि. सौ. आशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी मे महिन्यात दोन ओळींचं उत्तर पाठवलं, ते तुला कोरडं वाटलं असेल. कोरडी नव्हते गं. तुझं पत्र उशाशी घेऊन झोपत होते, आणि उत्तर लिहायला बसलं की शब्द फुटत नव्हते. आज फुटतात, कारण काल एक गोष्ट झाली.

हंटवाले उन्हाळ्यात पपी शो करतात. वर्षभर गावातल्या घरोघरी वाढवलेली हाउंड्सची पिल्लं केनेल्सवर आणून दाखवायची, बक्षिसं द्यायची, मग तंबूत चहा आणि केक. सत्तावीस वर्षांत आम्हाला कधी बोलावणं नव्हतं. यंदा जाड कागदावरचं कार्ड आलं, ‘डॉक्टरांच्या पत्नीस’. हंटच्या मास्टर, म्हणजे प्रमुख, मिसेस फेन्टन, त्यांनी खाली शाईने लिहिलं होतं, नक्की या.

मी गेले. का गेले ते लपवत नाही. वसंतात मला सगळे नमस्कार करत होते, आणि आशा, खोट्या कारणाने का होईना, माणसं बोलतात ते फार बरं वाटतं. मी मनाशी ठरवून गेले होते, की कुणी काही म्हणालं तर नुसतं हसायचं. निळी कांजीवरम नेसले. हेझल चहाच्या टेबलामागे होती. तिने माझा कप भरला आणि नजर उचलली नाही.

बक्षिसं झाल्यावर मिसेस फेन्टन बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे वर्ष कठीण गेलं, पण थिसल्बी वाकलं नाही. मग माझ्याकडे हात केला. म्हणाल्या, एक शेजारीण अशी आहे, की छापील कागदावर ती आमच्या विरुद्ध होती, पण वेळ आली तेव्हा आपली माणसं कोण हे तिने ओळखलं. तंबूभर हशा पिकला. लेनच्या पाठीवर दोघांनी थापा मारल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने कानाशी येऊन विचारलं, तीस वर्षांत इतकी सुरेख थाप कुणी मारली नसेल, नाही का?

हसायचंच ठरलं होतं ना? तोंडावर हसू आणलंही होतं. आणि मग मला एकदम वाटलं, की हे सगळे ज्या बाईला टाळ्या वाजवताहेत ती मी नाहीच. तिच्या शेजारी ही माणसं येऊन बसली आहेत, माझ्या शेजारी अजूनही कुणी नाही.

मी उभी राहिले. हातातली बशी खाली ठेवली. म्हटलं, मी तुमची बाजू घेतली नाही. मी दिसलं तेवढंच सांगितलं. लेन पोलार्डने त्या कोल्ह्यापासून हाउंड्सना मारून बाजूला केलं. केलं नसतं, तर मी तेही सांगितलं असतं. शिकार बंद व्हावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

सगळे माझ्याकडे बघत होते, मग हळूहळू लेनकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. इतके महिने तो त्यांचा शूर होता, एका वाक्यात मी ते काढून घेतलं. तो जागचा हलला नाही. ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ती खरं सांगतेय, मी मारलं त्यांना. मग टोपी घातली आणि पिल्लांना आत घ्यायला निघून गेला.

मी घरी चालत आले. मागून कुणी आलं नाही. साडी सोडायचंही त्राण नव्हतं. तशीच बसले आणि तुझ्या वरच्या खोलीचा विचार करत राहिले. पडदे तुझ्या आवडीचे असले तर असोत, असं वाटायला लागलं.

ऊन अजून होतं तेव्हा फाटक वाजलं. हेझल. आंघोळ नाही, कार्डिगन नाही, शोचा एप्रन तसाच. ती आत आली नाही, फाटकावरूनच सुरू झाली. म्हणाली, तू खरं बोललीस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेनने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, जेवला नव्हता तो. बेलाडोना नावाची त्याची लाडकी हाउंड, तिला त्याने मारलं म्हणून रडला होता. पण त्याला वाटलं, लोक काय समजायचं ते समजोत, चार वर्षं राहिली आहेत नोकरीची, मानाने काढू. आणि तू, नीना, तुला तेवढंही देववलं नाही त्याला?

मी म्हटलं, कायदा पाळला म्हणून कुणी माणसाला नोकरीवरून कसं काढेल? ती म्हणाली, तुला सत्तावीस वर्षांत या गावातलं काडीचंही कळलं नाही. मीही मग थांबले नाही. म्हटलं, तुला सगळं माहीत होतं, तर तू मार्चपासून कुठे होतीस? गाव मला खोटारडी समजून लाडावत होतं, तू एक तरी शब्द बोलायचास. आणि त्याआधी, गवतातून गेलीस ती? ती म्हणाली, तू पेपरात लिहायच्या आधी मला सांगायचंस. शेजाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा तर निदान त्याला सांगून द्यावा. ते मात्र मला लागलं, कारण ते खरं आहे. मी तिला सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू मला लिहू दिलं असतंस का? ती म्हणाली, नाही! मी म्हटलं, म्हणूनच!

दोघीही ओरडत होतो. पलीकडच्या घरातला पडदा हलला. ती रडत होती, मीही. आणि आशा, तुला हसू येईल, पण त्या सगळ्यात मला जाणवलं, की इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी बोलतंय. डोळा मारून नाही, थोपटून नाही. माझ्याशी, मी जी आहे तिच्याशी.

उभं राहून राहून तिचा कंबरेचा सांधा दुखायला लागला असावा, ती फाटकाला टेकली. मी म्हटलं, माझं बोलून झालेलं नाही, तुझंही झालेलं दिसत नाही. आत येऊन भांड.

ती आली. माझ्या किचनमध्ये त्या केनेल्सचा वास पसरला. खिडकी उघडायला उठले होते, ती न उघडताच बसले.

लेनचं पुढे काय होईल ठाऊक नाही. मिसेस फेन्टननी त्याला सोमवारी बोलावलं आहे. हेझल म्हणते, वाईट झालं तर ती मला कधी क्षमा करणार नाही. मी म्हटलं, नको करूस, पण मंगळवारी येऊन काय झालं ते सांग. येईन म्हणाली, रागानेच.

तू या आठवड्यात यायचं म्हणत होतीस. जरा थांब. पुढच्या आठवड्यात ये. आमचं अजून मिटलेलं नाही.

हरीशरावांना नमस्कार. तुझा लोभ मला कायम पुरला आहे, पुढेही पुरव.

तुझी,
वहिनी